दिलं, गेलं, घेतलं

ऑक्टोबरचा दुसरा विकांत म्हणजे इकडे न्यू इंग्लंडात पानगळीचा सीझन. शुक्रवारी हापिसात जेवणाच्या टेबलावर एकच विषय, कोण कुठे 'रंग' बघायला चाललंय. आम्हीही निघालो. मी, माझा रूममेट आणि त्याच्या टीममधलं एक जोडपं. भाड्याची गाडी, घरचा चिवडा आणि कुणाच्या तरी आईने पुण्याहून पाठवलेल्या बाकरवड्या. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या साधारण मधोमध क्वॉबिन नावाचा एक अवाढव्य जलाशय आहे. बॉस्टनपासून शंभरेक किलोमीटर. तिथे गर्दी कमी आणि रंग झकास असतात, अशी पक्की खबर होती.

पीटर्शॅम गावाजवळ चाळीस नंबरचं गेट आहे. तिथे गाडी लावली आणि जुन्या डांबरी रस्त्याने चालत सुटलो. तीनेक किलोमीटरवर झाडी एकदम बाजूला होते आणि मोकळं, गवताळ मैदान लागतं. त्याच्या कडेने दगडी जोती. नुसती जोती. तळघरांचे चौकोनी खड्डे, कुंपणाचे दगडी खांब, आणि कुठेच न जाणाऱ्या चार पायऱ्या. हे डेना कॉमन. कॉमन म्हणजे गावाच्या मधलं सामायिक मैदान, आपल्याकडे देवळासमोरचा पार असतो तसं. तिथे एक शिळा आहे. तिच्यावर गावाचं नाव, खाली एखाद्या माणसाच्या जन्ममृत्यूसारखी सालं, १८०१ ते १९३८, आणि ज्यांनी आपली घरं आणि जगण्याची रीत यांचा त्याग केला त्या सर्वांना ती अर्पण केल्याचा मजकूर.

रूममेटने फोटो काढला आणि म्हणाला, "बघ ना, काय लोक असतील! बॉस्टनला पाणी मिळावं म्हणून आख्खं गाव दिलं. आपल्याकडे कोणी देईल का रे?"

तेव्हा माझ्या तोंडात बाकरवडी होती, त्यामुळे वाद झाला नाही. पण ते 'दिलं' घरी येईपर्यंत डोक्यात खडखडत राहिलं. हा लेख त्या 'दिलं'च्या विरोधात आहे. लांबलाय, आधीच सांगतो.

आधी गोष्ट काय आहे ती सांगतो, कारण बॉस्टनमध्ये पाच-पाच वर्षं राहून रोज हे पाणी पिणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांना ती माहीत नाही. मलाही नव्हती.

स्विफ्ट नदीच्या खोऱ्यात चार गावं होती. डेना, एन्फील्ड, ग्रीनविच आणि प्रेस्कॉट. ग्रीनविच सगळ्यात जुनं, १७५४ साली कायदेशीर गाव झालेलं. डेना १८०१, एन्फील्ड १८१६, प्रेस्कॉट १८२२. चारही छोटी, पण 'काय होतं तिथे' असं म्हणण्यासारखी मुळीच नव्हती. एन्फील्डला कापडाची गिरणी होती. डेनाकडे ताडाच्या पानांच्या हॅट बनवायचा धंदा होता, त्यात बायका घरी बसून पानं विणायच्या. ग्रीनविचच्या तळ्यांमधून हिवाळ्यात बर्फ कापून रेल्वेने शहरात जायचा. प्रेस्कॉट डोंगरावरच्या शेतकऱ्यांचं. खोऱ्यातून एक रेल्वे जायची, ती इतकी थांबत-थांबत जायची की लोकांनी तिचं नाव 'रॅबिट रन' पाडलं होतं.

१९२७ साली राज्याच्या विधिमंडळाने स्विफ्ट नदीचा कायदा केला. खोरं बुडवायचं आणि पाणी बॉस्टनला न्यायचं. एकोणीसशे तीसच्या दशकात विन्सर धरण आणि गुडनो बंधारा बांधून झाले. सुमारे अडीच हजार माणसांना उठावं लागलं. २७ एप्रिल १९३८ च्या रात्री एन्फील्डच्या टाउन हॉलमध्ये निरोपाचा नाच झाला. हजारावर माणसं जमली होती. रात्री बाराचे ठोके पडले, ऑर्केस्ट्रा थांबला, आणि २८ तारीख लागताच चारही गावं कायद्याने अस्तित्वातून गेली. म्हणजे पाणी यायच्या आधीच गावं संपली! पाणी भरायला सुरुवात झाली ऑगस्ट १९३९ मध्ये, जलाशय काठोकाठ भरला १९४६ मध्ये. साठा ४१,२०० कोटी गॅलन. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण ५५ टीएमसी, कोयनेच्या निम्म्याहून थोडा जास्त.

आता एक लोकप्रिय थाप मोडून टाकतो. पाणी खाली गेलं की चर्चचा कळस दिसतो, असं तुम्हाला कोणी ना कोणी नक्की सांगेल. काही दिसत नाही. पिण्याच्या पाण्याचा साठा स्वच्छ हवा म्हणून एकूण एक इमारत पाडली, झाडं तोडली, जाळली. जी घरं विकली गेली ती उचलून दुसरीकडे नेली. पाण्याखाली गाव नाही, गावाचा धुवून-पुसून काढलेला तळ आहे. गंमत म्हणजे डेना कॉमन बुडालंच नाही. ते पाण्याच्या रेषेच्या वर आहे. पाणलोट क्षेत्रात माणसं नकोत म्हणून तेही रिकामं केलं. आमच्या पायाखालचं ते मैदान ऐंशी-पंचाऐंशी वर्षं कोरडंच आहे. २०१३ साली त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. आधी गाव पुसायचं, मग पुसल्याच्या खुणेला वारसा म्हणायचं!

झाडं तोडायचं काम तरी खोऱ्यातल्या लोकांना मिळालं असेल, असं वाटतं ना? मंदीचा काळ होता. पण वशिल्याने भरती झाली आणि बॉस्टनहून माणसं आणली, ज्यातल्या अनेकांनी आयुष्यात कुऱ्हाड धरलेली नव्हती. गावकऱ्यांनी त्यांना 'सुतारपक्षी' असं नाव ठेवलं. आपल्याच गावावर कुऱ्हाड चालवायची मजुरीसुद्धा परक्याला.

आणि आता सगळ्यात मला झोंबलेली गोष्ट. खोऱ्यातल्या थडग्यांमधले साडेसात हजारांहून जास्त मृतदेह उकरून त्यातले बहुतेक वेअर गावच्या हद्दीत एका नव्या दफनभूमीत नेले. नोंदी ठेवल्या, शिळा हलवल्या, युद्धस्मारकंही हलवली. क्वॉबिन पार्क सेमेटरी म्हणतात तिला, आजही नीट राखलेली आहे. चार गावांचे मेलेले एकत्र एका जागी राहिले. जिवंत माणसांसाठी नवं गाव कोणी वसवलं नाही. चेक घ्या आणि जा. पुनर्वसन झालं ते फक्त मेलेल्यांचं.

याला 'दिलं' म्हणायचं?

मराठीत यासाठी तीन क्रियापदं आहेत आणि ती मी घरातच शिकलो. माझ्या आजीचं माहेर पानशेतच्या धरणात गेलं. आजी नेहमी म्हणायची, "आमचं गाव गेलं." जसं माणूस जातं, पाऊस जातो, तसं. कोणाचं नाव नाही, कोणावर राग नाही. तिचा थोरला भाऊ मात्र शेवटपर्यंत "घेतलं" म्हणायचा. आणि शाळेत झेंडावंदनाला आलेले पाहुणे भाषणात म्हणाले होते, "या भागातल्या बांधवांनी पुण्यासाठी आपली गावं दिली." गाव एकच. पण कोण बोलतंय त्यावर क्रियापद बदलतं. ज्याचं गेलं तो म्हणतो गेलं किंवा घेतलं. ज्याच्या घरी नळाला पाणी आलं तो म्हणतो दिलं.

पुण्यात मी पाणी पिणाऱ्यांच्या बाजूला वाढलो, आणि आता क्विन्सीत भाड्याच्या घरात परत पाणी पिणाऱ्यांच्याच बाजूला आहे. म्हणून डेनाच्या त्या शिळेपाशी मला एकदम त्या भाषणाची आठवण झाली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ती शिळा सरकारने बसवलेली नाही. डेनाच्या जुन्या रहिवाशांच्या मेळाव्याने ती १९९६ साली बसवली. 'त्याग' हा शब्द त्यांचा आहे. झालेल्या गोष्टीला स्वतःच्या मनात काही अर्थ असावा, आपण नुसते हाकलले गेलो असं नातवंडांना सांगावं लागू नये, यासाठी माणूस असा शब्द निवडतो. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यावर मी एक अक्षरही बोलणार नाही. पण तोच शब्द बॉस्टनमधल्या माणसाने उचलला की त्याचा अर्थ उलटा होतो. लुटलेल्याने "जाऊ दे, दिलं समज" म्हणणं म्हणजे मनाचा मोठेपणा. घेणाऱ्याने "त्याने दिलं" म्हणणं म्हणजे पावती फाडून टाकणं. एकदा त्याग म्हटला की पुढे काही द्यायचं उरत नाही ना! फोटो काढायचा, हळहळायचं, बाकरवडी खायची.

आता तुमच्या मनातले मुद्दे. गाडीत परत येताना हे सगळे निघालेच, त्यामुळे मला ते पाठ आहेत.

पहिला मुद्दा, "अरे, पैसे दिले होते ना." दिले होते. पण भाव कुठला? या खोऱ्यावर बॉस्टनचा डोळा १८९५ पासून होता. त्या वर्षीच्या राज्याच्या आरोग्य मंडळाच्या अहवालातच पुढेमागे लागेल असा स्रोत म्हणून स्विफ्ट नदीकडे बोट दाखवलेलं आहे. म्हणजे कायदा होईपर्यंत तीस वर्षं हे गाव 'आज ना उद्या बुडणार' या बोर्डाखाली जगत होतं. अशा गावात कोण नवीन गिरणी काढेल? कोण घराला माडी चढवेल? आपल्या सोसायटीवर रस्तारुंदीची लाल रेघ पडली की फ्लॅटचा भाव काय होतो ते आठवा. आधी सावली पाडायची, सावलीने झाड वाळलं की वाळक्या लाकडाचा भाव द्यायचा, आणि त्याला बाजारभाव म्हणायचं.

दुसरा मुद्दा याच्याच मागून येतो. "ती गावं तशीही मरतच होती." पानाफुलांच्या कॅलेंडरवाल्या न्यू इंग्लंडचं हे आवडतं वाक्य आहे. लोकसंख्या कमी होत होती हे खरं. पण खोऱ्याच्या आजूबाजूची तसलीच गावं, पीटर्शॅम, न्यू सेलम, पेल्हम, आजही आहेत. छोटी आहेत, पण आहेत. तिथे टाउन मीटिंग भरते, लोक बजेटवर हात वर करून भांडतात. मरणारं गाव आणि मारलेलं गाव यांत फरक असतो, आणि तो शेजारच्या गावाकडे बघून कळतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार. "२५ लाखांहून जास्त लोक हे पाणी पितात. अडीच हजार माणसांसाठी त्यांना तहानलेलं ठेवायचं का?" मी पण त्या २५ लाखांतलाच एक आहे. पाणी अप्रतिम आहे, इतकं की आजही ते गाळण प्रकल्पातून न नेता ओझोन आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक करून वापरतात. तांत्रिक काम म्हणून क्वॉबिन बघितलं तर टोपी काढावी असंच आहे. चाळीस किलोमीटर लांबीचा बोगदा खडकातून काढून पाणी पूर्वेला वाचुसेट जलाशयात नेलंय. मी धरणाविरुद्ध नाही. मी हिशोबाविरुद्ध आहे.

बॉस्टनच्या पाण्याचा इतिहास बघा. १८४८ साली कोचिचुएट तळं आणलं. पुरेना. मग सडबरी नदी. पुरेना. मग वाचुसेट, १९०८ मध्ये पूर्ण झालं. त्यातही वेस्ट बॉयल्स्टनसारख्या गावांचे मोठे तुकडे पाण्याखाली गेले. पुरेना. मग क्वॉबिन. दर पिढीला थोडं आणखी पश्चिमेला. आणि गोष्ट तिथेही थांबली नव्हती. १९६९ पासून जवळजवळ वीस वर्षं मागणी दिवसाला ३० कोटी गॅलनच्या वर होती, म्हणजे ही सगळी व्यवस्था सुरक्षितपणे जेवढं देऊ शकते त्याच्या वर. मग काय? तर कनेक्टिकट नदीचं पाणी वळवून क्वॉबिनमध्ये आणायची योजना. आणखी पश्चिमेला!

आपल्या धंद्यात असा एक सीनियर प्रत्येक कंपनीत असतो. प्रोग्रॅम मेमरी खातोय, दर आठवड्याला सर्व्हर कोसळतोय. हा म्हणतो, रॅम वाढवा. वाढवली. परत कोसळला. अजून वाढवा. मेमरी लीक शोधायला कोणी बसत नाही, कारण रॅमचं बिल त्याच्या खिशातून जात नाही.

यावेळी मात्र कनेक्टिकट खोऱ्यातल्या लोकांनी जोरदार विरोध केला आणि ती योजना बारगळली. आणि मग, नाइलाज म्हणून, लीक शोधायला घेतला. शब्दशः. ऐंशीच्या दशकात नवीन जलप्राधिकरण आलं, त्याने जुने पाइप तपासले, गळत्या बंद केल्या, मीटर सुधारले, घराघरांत कमी पाणी लागणारे नळ आणि फ्लश बसवायची मोहीम काढली. आज लोकसंख्या वाढलेली असूनही मागणी २० कोटी गॅलनच्या आसपास आहे. म्हणजे तिसरा हिस्सा गायब! एकही गाव न बुडवता.

१९२७ साली गळत्या बुजवल्या असत्या तर क्वॉबिन लागलंच नसतं, असा माझा दावा नाही. तेवढा अभ्यास माझा नाही आणि त्या काळाचं तंत्रज्ञानही वेगळं होतं. माझा मुद्दा क्रमाचा आहे. दुसऱ्याचं गाव हा पहिला पर्याय आणि आपला गळका पाइप हा शेवटचा, असा क्रम का लागतो? कारण पाइप दुरुस्त करायचा तर आपला रस्ता खणावा लागतो आणि आपलं बिल वाढतं. गावाचं काय, ते देतातच! ही क्रमवारी जोपर्यंत 'त्याग' या शब्दाच्या आड लपलेली आहे तोपर्यंत ती बदलणार नाही. १९३० मध्ये एकट्या बॉस्टन शहरात पावणेआठ लाख माणसं होती, खोऱ्यात अडीच हजार. कनेक्टिकट राज्याने आपल्या नदीचं पाणी कमी होईल म्हणून सुप्रीम कोर्टात दावा लावला होता, तेसुद्धा १९३१ मध्ये हरलं. जिथे एक आख्खं राज्य हरतं तिथे प्रेस्कॉटचा शेतकरी काय 'देणार' आणि काय 'नाही म्हणणार'? नाही म्हणायची सोय असेल तरच देण्याला देणं म्हणतात.

चौथा मुद्दा आमच्यासोबतच्या ताईंनी काढला, आणि तो सर्वात गोड आहे. "पण बघ ना, किती सुंदर जंगल झालंय. नाहीतर इथे मॉल झाले असते." खरंय. क्वॉबिनचं सगळ्यात आवडतं बिरुदच ते आहे, 'अपघाताने तयार झालेलं अरण्य'. १९८२ पासून इथे टकल्या गरुडांची पिल्लं आणून वाढवली आणि राज्यातून नाहीसा झालेला तो पक्षी परत आला. हे मनापासून चांगलं झालं. पण अपघात कसला? विधिमंडळात मत पडलं, नकाशे निघाले, माणसं उठवली, झाडं लावली. त्या जंगलात थोडं आत शिरलात तर झाडांमधून जाणाऱ्या दगडी भिंती दिसतात. कुणीतरी शेतातले दगड वेचून रचलेले ते बांध आहेत. त्याला अरण्य म्हटलं की बांध दिसेनासे होतात. आणि हे अरण्य सांभाळायची किंमत कोण मोजतं? २०१६ च्या सुमारास राज्याने क्वॉबिनमधल्या एका बेटावर दुर्मीळ विषारी सापांची वसाहत करायचं ठरवलं होतं. आजूबाजूचे लोक घाबरले, चिडले, आणि २०१७ मध्ये योजना गुंडाळली गेली. सापांच्या बाजूनेही बोलता येईल, पण लोकांचा राग सापांवर होता असं मला वाटत नाही. 'पुन्हा एकदा न विचारता' यावर होता.

आता मला माझ्याच बाजूची एक गोष्ट अवघड करायची आहे, नाहीतर हा लेख 'बिच्चारी गावं' छापाचा होईल.

क्वॉबिन हे नाव त्या चार गावांचं नव्हे. ते निपमक लोकांच्या भाषेतलं, पुष्कळ पाण्याची जागा अशा अर्थाचं. म्हणजे गावं वसायच्या आधीही इथे कोणीतरी राहत होतं आणि त्यांना पाणी माहीत होतं. १६७५-७६ च्या किंग फिलिपच्या युद्धानंतर मूळनिवासींची सत्ता मोडली आणि या खोऱ्यात वसाहतवाल्यांची शेतं आली. तेव्हाही कागदपत्रांत बहुधा कोणी 'घेतलं' लिहिलं नसेल. त्याच युद्धात, १६७५ च्या हिवाळ्यात, ख्रिस्ती झालेल्या आणि इंग्रजांशी लढतही नसलेल्या निपमक व इतर मूळनिवासींना पकडून बॉस्टनच्या बंदरातल्या डीअर आयलंडवर नेऊन टाकलं. थंडीने, भुकेने त्यातले पुष्कळ तिथेच मेले.

आज डीअर आयलंडवर काय आहे माहितीये? बॉस्टनचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प. तोच, जिथे माझ्या किचनमधलं पाणी शेवटी जातं. म्हणजे निपमकांनी नाव दिलेल्या खोऱ्यातून पाणी निघतं, चार पुसलेल्या गावांवरून येतं, माझ्या चहात पडतं आणि निपमकांना मारलं त्या बेटावर संपतं. मी हे नकाशावर बोट फिरवत तपासलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, आणि मग झोप आली नाही.

म्हणून 'घेतलं' हा शब्द हवा. तो एकदा नीट वापरायला लागलो की एका थरावर थांबता येत नाही. 'त्याग' म्हटलं की एक छान, गोरी, डोळ्यात पाणी आणणारी गोष्ट मिळते आणि तिच्याखालचा थर झाकला जातो. वारसा म्हणजे फक्त हळहळ नव्हे, खातेवहीसुद्धा आहे.

एक विनोद सांगतो. क्वॉबिनच्या पश्चिमेने २०२ नंबरचा रस्ता जातो. १९३० च्या दशकात, बुडणाऱ्या रस्त्यांना पर्याय म्हणून तो झाला. त्याचं नाव डॅनियल शेज हायवे. हा शेज कोण? याच भागातला शेतकरी, पुढे ज्याला प्रेस्कॉट म्हणू लागले त्या बाजूला त्याचं घर होतं. १७८६-८७ मध्ये कर आणि कर्जाच्या वसुलीला वैतागलेल्या शेतकऱ्यांना घेऊन त्याने बॉस्टनच्या सरकारविरुद्ध बंड केलं. मोडलं ते. आणि दीडशे वर्षांनी त्याच बॉस्टनने त्याचं खोरं घेतलं आणि वळणरस्त्याला त्याचं नाव दिलं. आपल्याकडे ज्याला आयुष्यभर छळलं त्याच्या नावाने चौक करतात, तेच. माणसं सगळीकडे सारखीच असतात, हे एक बरंय :)

मग करायचं काय? धरण फोडायचं का? नाही. मला उद्या सकाळी आंघोळ करायची आहे.

एक, जी गावं शिल्लक आहेत त्यांचं देणं द्यायचं. जलाशयाभोवतीच्या गावांची प्रचंड जमीन राज्याच्या ताब्यात आहे. तिथे घर नाही, दुकान नाही, त्यामुळे गावाला वाढायला जागा नाही. राज्य कराच्या बदल्यात काही रक्कम देतं हे खरं, पण ती पुरत नाही असं ही गावं सतत सांगताहेत. यातली बहुतेक गावं स्वतः विहिरीचं पाणी पितात, क्वॉबिनचं नाही! गेल्या काही वर्षांत विधिमंडळात विधेयकं आली आहेत, पाणी वापरणाऱ्यांकडून गॅलनमागे चिमूटभर शुल्क घेऊन या भागाला द्यावं म्हणून. बॉस्टनच्या माणसाला 'त्याग' ऐकून डोळे पुसायला आवडतं, मग बिलावर चार पैसे वाढले तर पोटात का दुखावं? तुम्ही नागरिक असाल तर तुमच्या आमदाराला लिहा. मी व्हिसावर आहे, मला मत नाही. लेख आहे.

दोन, न्यू सेलममध्ये स्विफ्ट रिव्हर व्हॅलीच्या इतिहास मंडळाचं एक संग्रहालय आहे. जुनं घर, आणि प्रेस्कॉटहून हलवून आणलेलं एक लाकडी चर्च. गावांच्या पाट्या, फोटो, हॅट, कागद. स्थानिक लोक हौसेने चालवतात. १९३८ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहे, म्हणजे 'मी तिथे राहत होतो' म्हणणारं माणूस आता जवळपास उरलेलं नाही. पुढच्या ऑक्टोबरला रंग बघायला जाल तेव्हा उघडं आहे का बघून तिथे एक तास घाला आणि दानपेटीत काहीतरी टाका.

तीन, क्रियापद बदला. फुकट आहे.

रविवारी संध्याकाळी घरी आलो तेव्हा किचनचा नळ टपकत होता. तीन आठवडे टपकतोय, घरमालकाला सांगू-सांगू म्हणत राहून गेलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून वॉशर आणला आणि मीच बदलला. रूममेट म्हणाला, "५५ टीएमसीत तुझ्या थेंबाने काय फरक पडतो रे?" काही पडत नाही, ते मलाही कळतं. पण गळतंय माझ्या घरात, आणि खाली ठेवलेली बादली दुसऱ्याची आहे.

मग तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बरं, घेतलं." वाद जिंकला असं मी समजतोय.

असो. उद्या सोमवार, सकाळी नऊला कॉल आहे. तुम्ही जिथे असाल तिथे, तुमच्या नळाला येणारं पाणी कुठल्या गावावरून येतं ते एकदा शोधून बघा. आणि त्या गावातलं कोणी भेटलं तर ते कुठलं क्रियापद वापरतात, तेवढं ऐका.